दाब सारखा, पकड वेगळी

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं मोटारीच्या ब्रेकवर बोलावं? बोलावं, कारण ब्रेकच्या पाइपात जो नियम काम करतो, तो मांडणाऱ्यांत आपल्याच घराण्यातला एक माणूस आहे. ब्लेझ पास्काल १६६२ साली, चाळिशीही न गाठता गेला. त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ १६६३ साली, म्हणजे तो गेल्यावर छापला गेला. त्यातला मुद्दा असा, की बंदिस्त द्रवाला एका जागी दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो.

आता गॅरेजमधला प्रश्न बघू. ब्रेक शू नवे, सिलिंडर नवे, ऑइल नवं, हवा काढून झाली. तरी ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. मग पुन्हा हवा काढतात. तिसऱ्यांदा काढतात. ऑइलची बाटली संपते, ओढ जात नाही. असं का होतं, हे कळायला हा पाइप गाडीत का आला ते बघावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी किंवा तारांनी ओढले जायचे. चार चाकांना ब्रेक आले आणि खरी पंचाईत झाली. प्रत्येक चाकाची सळई वेगळी, तिचा ताण वेगळा, झीज वेगळी. चारही एकाच क्षणी, एकाच जोरानं लागावीत म्हणून बसून स्क्रू पिळायचे, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. म्हणजे असमान ब्रेक हा हायड्रॉलिक ब्रेकच्याही आधीचा रोग आहे.

त्यावर औषध काढलं अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं. विमानांमुळे आपण हे नाव ऐकलंय, ते याच कुटुंबाचं. १९१७ साली त्यानं द्रवानं चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ साली डूझेनबर्गनं आपल्या गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक दिले, आणि त्याच वर्षी ल माँ इथली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीनं हायड्रॉलिक ब्रेकच्या डूझेनबर्गवर जिंकली. १९२४ मध्ये क्रायस्लरनं ते जरा आवाक्यातल्या गाडीत आणले. फोर्ड मात्र १९३९ पर्यंत अडून राहिली. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच आहे, अशी तिची जाहिरात असायची! आपण हसतो, पण त्या अविश्वासात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. सुरुवातीचे चामड्याचे वॉशर गळायचे.

आता मुख्य मुद्दा. पास्काल समान दाबाची हमी देतो. समान पकडीची देत नाही. दाब चाकापाशी पोचल्यावर पुढे काय होतं, ते पिस्टनच्या क्षेत्रफळावर, घर्षणावर आणि शू ड्रमला कसा टेकतो यावर ठरतं. तिथे पास्कालचं राज्य संपतं.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि गॅरेजमध्ये तोच विसरला जातो. समजा एका चाकाच्या पाइपात हवा राहिली. हवा दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं, जास्त खाली जातं. पण द्रव जोडलेला असल्यामुळे ती झळ एकट्या चाकाला बसत नाही. त्या मार्गावरच्या सगळ्याच चाकांना बसते. हलक्या ब्रेकला क्षणभर मागेपुढे होईल, एवढंच. म्हणजे पेडल मऊ असेल तर हवेवर संशय घ्या. पेडल टणक आहे आणि गाडी ओढते, तर पुन्हापुन्हा हवा काढणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी बांधणं. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, पुष्कळ गाड्यांत ते तिरपे जोडलेले असतात. तिथे एक मार्ग पुरता निकामी झाला तर ओढ येऊ शकते. पण तेव्हा पेडलही बिघडलेलं जाणवतं.

मग बघायचं कुठे? आधी दिशा नीट समजून घेऊ. गाडी वळते जास्त पकडणाऱ्या चाकाकडे. डावीकडे ओढली की लोक डावं चाक उघडतात. बरेचदा आजारी असतं उजवं. त्याच्या लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागलेलं असतं, पिस्टन अडकलेला असतो, कॅलिपरची पिन गंजलेली असते. किंवा एकाच बाजूचे पॅड बदललेले असतात. हा काटकसरीचा प्रकार आपल्याकडे फार. पॅड आणि शू नेहमी दोन्ही बाजूंचे मिळूनच बदलायचे.

ड्रम असेल तर आणखी एक गंमत. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे जोर आपोआप वाढतो. पेडल हलकं लागतं ते यामुळे. पण घर्षणातला छोटा फरकही त्याच हिशेबानं फुगतो. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच. शूचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं लावलं नाही तर नव्या सामानावरही ती ओढायची. डिस्कमध्ये हे फुगणं नाही. १९५३ साली डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि वारं फिरलं.

सगळ्यात फसवा गुन्हेगार म्हणजे रबरी होज. बाहेरून धडधाकट, आतून सुजलेला. आता तुम्ही विचाराल, दाब सगळीकडे सारखा ना? हो, पण द्रव स्थिर झाल्यावर. अरुंद होजमधून तो उशिरा पोचतो, म्हणून ब्रेक दाबताना गाडी दुसऱ्या बाजूला जाते. पाय काढल्यावर तो परत यायलाही उशीर करतो, आणि तेच चाक अडकून राहतं, तापतं. पावसात, घाटाच्या उतारावर एवढं पुरतं. त्या चाकाचा निपल सैल केल्यावर चाक मोकळं झालं, तर दाब तिथे कोंडला होता हे पक्कं. मग वरच्या टोकाला, होजच्या आधीचा जोड सैल करून बघा. तिथे सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर होज बदला, आणि समोरच्या बाजूचाही बदला. दोघांचं वय एकच असतं.

वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.