मालकीचे दप्तर आणि नावांची संहिता

अमेरिकेच्या दक्षिणेतील जमीनदार घराण्यांनी आपले कागद जपले ते प्रामुख्याने मालकी हक्क शाबीत करण्यासाठी. खरेदीखते, मृत्युपत्रे, हिशेब आणि पत्रव्यवहार यांच्या जोडीला या दप्तरांत माणसांच्याही याद्या आढळतात. कारण कायद्याच्या दृष्टीने गुलाम ही मालमत्ताच होती. १९३० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ स्थापन झाले आणि अशी अनेक दप्तरे घराबाहेर आली. त्यांचा वाचक बदलला. आणि वाचक बदलताच संहितेचा अर्थही बदलू लागला.

या संग्रहातील कॅमरन घराण्याचे दप्तर या दृष्टीने उद्बोधक आहे. १८६० च्या सुमारास बेनेहॅन-कॅमरन घराण्याकडे सुमारे ३०,००० एकर जमीन आणि ९०० गुलाम होते. त्या वर्षीच्या शिरगणतीत गुलामांचे वय, लिंग व वर्ण मालकाच्या नावाखाली नोंदले गेले. त्यांची स्वतःची नावे सहसा लिहिली गेली नाहीत. ती नावे उरली मालकाच्या जन्मनोंदींत. मालकाला या नोंदींत मालमत्तेची वाढ दिसत होती. हर्बर्ट गुटमन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात अशाच नोंदींतून नातेसंबंध वाचले. मुलांना बापाची, आजोबांची नावे ठेवण्याची रीत त्यांनी दाखवून दिली. गुलामगिरीने कृष्णवर्णीयांची कुटुंबव्यवस्थाच मोडून काढली, या १९६५ च्या मॉयनिहन अहवालातील गृहीतकाला त्यामुळे हादरा बसला. लिहिणाऱ्याचा हेतू हाच संहितेचा अर्थ मानला असता, तर हे वाचन संभवलेच नसते.

पत्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कॅमरन कुटुंबाची गुलाम मेरी वॉकर १८४८ मध्ये फिलाडेल्फियाहून निसटली. मागे राहिलेली मुले विकत घेऊन मुक्त करता यावीत, अशी विनंती १८५९ मध्ये तिच्या वतीने जे. पी. लेस्ली यांनी पत्राने मिल्ड्रेड कॅमरन यांना केली. विनंती फळली नाही. मायलेकरांची भेट १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपल्यावरच झाली. पत्र मात्र दप्तरात टिकून राहिले. ज्या घराने आईची मागणी पुरवली नाही, त्याच घराच्या कागदांत त्या मागणीची साक्ष शिल्लक राहावी, हा केवळ दैवदुर्विलास नव्हे; पुराव्याचे स्वरूपच तेथे उघड होते. शिवाय या पत्रातही मेरीचा शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून येतो, हे विसरता येत नाही.

म्हणूनच जतन ही तटस्थ क्रिया ठरत नाही. उगमाच्या तत्त्वानुसार दप्तर घराण्याच्या नावानेच एकत्र ठेवावे लागते. ते विस्कटले तर नोंदींमधील परस्परसंबंध तुटतात आणि ज्यांच्यावर सत्ता गाजवली गेली त्यांचाच पुरावा दुबळा होतो. परंतु सूचीतही केवळ मालकाचेच नाव राहिले, तर कायद्याने संपलेली मालकी वर्णनात चालू राहते. कागदांचा क्रम मालकाचा ठेवावा. सूचीत मात्र प्रत्येक नोंदलेले नाव स्वतंत्रपणे यावे. १८७० पूर्वीचा आपला पूर्वज शोधणाऱ्या वंशजाला बहुधा याच दाराने आत यावे लागते.