शब्द गळून पडतात तेव्हा : एका युद्धगीताची चाल

२७ जानेवारी १९६३. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. चीनकडून झालेल्या पराभवाला जेमतेम दोन महिने झालेत. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांची, आणि आवाज लता मंगेशकरांचा. समोर पंडित नेहरू. 'ऐ मेरे वतन के लोगों'चा हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

आता २९ जानेवारी २०२२ ला या. दिल्लीतलाच विजय चौक, 'बीटिंग रिट्रीट'चा सोहळा. लष्कराच्या बँडनं तीच चाल वाजवली, गायक नाही. त्या जागी वर्षानुवर्षं 'अबाइड विथ मी' वाजायचं. ते हेन्री लाइटचं १८४७ मधलं भजन, त्याला मंक यांची १८६१ ची चाल. गांधीजींचं ते आवडतं, म्हणून ते काढल्यावर मोठा वाद झाला. परकं कोणतं, आपलं कोणतं? पण गंमत बघा, भांडण दोन गीतांचं होतं आणि चौकात दोन्हींतला एकही शब्द गायला जात नव्हता.

मग माणसं हलतात कशानं? 'अबाइड विथ मी'चे शब्द बहुतेकांना येतच नव्हते. तिथं काम करायची ती संथ चाल, घंटांचे टोले, मावळतीची वेळ आणि थोड्याच वेळात उतरणारा झेंडा. अर्थ त्या विधीनं दिला होता.

दुसऱ्या चालीचं उलटं आहे. तिचे शब्द लोकांना पाठ आहेत. गायक आपल्याला सांगतो. वाद्य मात्र आपल्याकडून म्हणवून घेतं. बँड वाजवतो आणि ओळी ऐकणाऱ्याच्या मनात उमटतात. शिवाय १९६२ चा हिमालय शब्दांत आहे, चालीत नाही. म्हणून १९७१ मध्ये किंवा कारगिलमध्ये मुलगा गमावलेल्या आईलाही ही चाल आपलीच वाटते.

पण यात एक धोका आहे. त्या सोहळ्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लताबाई गेल्या. ते गाणं रेडिओवर ऐकून पाठ केलेली पिढीही ओसरतेय. उद्या शब्द विसरले, तरी चाल उरेल आणि डोळेही पाणावतील. फक्त कोणासाठी, हे सांगता येणार नाही. चाल दुःख जपते, तपशील जपत नाही. तो जपायचं काम इतिहासाचं, म्हणजे तुमचं आणि माझं.