टेलोमरेज : यकृत कर्करोगाचे रेणवीय चिन्हक

टेलोमरेज हे गुणसूत्रांच्या टोकांची झीज भरून काढणारे विकर. दर पेशीविभाजनात ही टोके, म्हणजे टेलोमिअर, थोडी आखूड होतात. प्रौढ, निरोगी यकृतपेशींत हे विकर जवळपास नसतेच. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबीयुक्त यकृत यांमुळे पेशी वर्षानुवर्षे मरत राहतात, उरलेल्या विभागत राहतात, टोके झिजतात आणि सिरोसिस होतो. अशा यकृतातील एखाद्या पेशीत टेलोमरेज पुन्हा जागे झाले, की तिच्या विभाजनाला मर्यादा राहत नाही.

कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात हे विकर सापडले. २००९ चे नोबेल त्यांना जॅक शोस्टाक यांच्यासह मिळाले.

निदानाचा मार्ग १९९४ च्या ट्रॅप चाचणीने उघडला. ऊतीच्या अर्कात डीएनएचा एक लहान तुकडा टाकतात. टेलोमरेज असेल तर ते त्याला सहा-सहा अक्षरे जोडत जाते. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने, हे लांबलेले तुकडे वाढवून जेलवर चालवले, की सहा अक्षरांच्या अंतराने पट्ट्यांची शिडी उमटते. पहिल्या अभ्यासात विविध कर्करोगांच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये ती दिसली, ५० सामान्य ऊतींपैकी एकातही नाही. यकृत कर्करोगाच्या बहुतेक गाठींतही ती मिळते. मात्र लसिकापेशींतही टेलोमरेज असते. त्यामुळे दाह झालेल्या यकृतात फिकट शिडी दिसू शकते आणि तिचा अर्थ जपून लावावा लागतो.

मेळघाटासारख्या दूरच्या भागाच्या दृष्टीने दुसरी अडचण मोठी. चिखलदऱ्याचा रुग्ण घाट उतरून परतवाड्यामार्गे अमरावतीला किंवा अकोल्याला आला, सुईने तुकडा काढला, तरी विकराची क्रिया टिकवायला तो लगेच गोठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यात ती उरत नाही. डीएनए मात्र पॅराफिनच्या ठोकळ्यातही बऱ्यापैकी टिकतो, आणि ठोकळा साध्या टपालाने नागपूर-मुंबईला जाऊ शकतो. म्हणून विकर मोजण्यापेक्षा त्याच्या टर्ट जनुकातील बदल शोधणे आपल्याकडे अधिक उपयोगाचे आहे.

हा बदल जनुकाच्या नियंत्रक भागात असतो : प्रथिनाचा संकेत सुरू होण्याआधी १२४ व्या जागी सी ऐवजी टी. फ्रान्समधील २०१३ च्या अभ्यासात तो यकृतपेशी कर्करोगाच्या ५९ टक्के गाठींत आढळला, आणि सिरोसिसमधील कर्कपूर्व गाठींपैकी सुमारे चौथाई गाठींतही. म्हणजे केवळ बदल सापडला म्हणून कर्करोग ठरत नाही. उलट हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतःचा डीएनए टर्टजवळ घुसवूनही हे जनुक चालू करतो. अशा गाठीत तो बदल सहसा नसतो, त्यामुळे अहवाल नकारात्मक आला तरी निर्धास्त होता येत नाही.

नेहमीच्या निदानात टेलोमरेजला अद्याप स्थान नाही. सिरोसिसच्या रुग्णात गाठीचे निदान प्रामुख्याने तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनवर किंवा एमआरआयवर होते, शंका उरल्यास बायोप्सी. टर्टचा खरा उपयोग दोन सेंटिमीटरखालच्या संदिग्ध गाठींत, तोही ग्लिपिकन-३ सारख्या चिन्हकांच्या जोडीने. रक्तात तरंगणाऱ्या डीएनएमध्येही हा बदल शोधता येतो. पण लहान गाठ रक्तात फारच थोडा डीएनए सोडते. म्हणून सध्या सिरोसिसच्या रुग्णासाठी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि एएफपी या प्रथिनाची रक्ततपासणी हीच नियमित पाळत आहे.