झाडांची मोजणी आणि माणसांची नोंद

देशात जंगल किती, हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. सरकार आकडा देते, वर्तमानपत्रे छापतात, विद्यार्थी पाठ करतात. पण कोणतीही मोजणी निरागस नसते. मोजणारा कोण, काय मोजायचे हे कोणी ठरवले, आणि मोजून झाल्यावर जमीन कुणाच्या नावे लागली, हे विचारल्याशिवाय जंगलाचा इतिहास पुरा होत नाही. भूमिहीन दलिताच्या बाबतीत तर हे प्रश्न पोटाचे आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात जंगल दोन ठिकाणी उरले आहे. उत्तरेला सातपुड्याच्या उतारावर अंबाबरवा, आणि पूर्णेच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगा. मधला सारा काळ्या मातीचा, कापसाचा पट्टा. १८५३ साली वऱ्हाड निझामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये देशात जंगल खाते उभे राहिले. रेल्वेला सागवान हवे होते, म्हणून रानाची मोजदाद सुरू झाली. वऱ्हाडातल्या रानाचे अक्षरांनी वर्ग पाडले गेले: अ वर्ग इमारती लाकूड आणि सरपणाचा, ब वर्ग गवताचा, क वर्ग चराईचा. अक्षरांनी जमीन ओळखण्याची ही सवय इतकी रुजली की आजही ‘ई-क्लास’ हा शब्द आमच्याकडे निरक्षर म्हातारीच्याही तोंडी असतो. इंग्रजी वर्णमालेतले तेवढे एकच अक्षर तिला ठाऊक असते. कारण त्याच जमिनीवर तिची झोपडी किंवा तिचा तुकडा असतो.

या मोजणीपूर्वी रानाची आणि शिवाराची माहिती कुणाकडे होती? गावाची शीव कुठून कुठवर जाते, हे सांगण्याचा अधिकार महाराचा होता. शिवेचा तंटा पडला की त्याचा शब्द प्रमाण मानत. बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची परंपरा वऱ्हाडातले महार सांगत आले. या परंपरेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. ती वेठबिगारीच होती, आणि बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध झगडा मांडला तो याच कारणाने. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ज्याला शीव पाठ होती त्याच्या नावे शिवारात जमीन नव्हती. पुढे शीव नकाशात गेली, तेव्हा त्याचे ज्ञान निरुपयोगी ठरले आणि तो मात्र भूमिहीनच राहिला.

माझी आजी मोळी विकत असे. पहाटे रानात जायचे, दुपारी गावात मोळी टाकायची, आणि वाटेत नाकेदार भेटला तर विळा-दोर गमवायचा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तिने आणलेल्या सरपणाचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. दप्तरात तिची नोंद झालीच असेल, तर ती गुन्हा म्हणून.

स्वातंत्र्यानंतर मोजणीचे तंत्र बदलले. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साह्याने वनसंपत्तीची पाहणी सुरू झाली. तिच्यातूनच १ जून १९८१ रोजी डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था निघाली. तोवर जंगल खात्याचे दप्तर देशात सुमारे साडेसात कोटी हेक्टर जंगल असल्याचे सांगे. मग उपग्रहाची छायाचित्रे आली. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९८०-८२ सालच्या छायाचित्रांवरून सांगितले की देशाच्या १४.१० टक्के भूमीवरच जंगल आहे. गदारोळ झाला. १९८७ च्या पहिल्या वन अहवालात वन सर्वेक्षणाने १९८१-८३ च्या छायाचित्रांवरून १९.४९ टक्के हा आकडा दिला. काळ जवळजवळ तोच, देश तोच, झाडेही तीच! फरक पडला तो कशाला जंगल म्हणायचे यात.

आजची व्याख्या अशी: एक हेक्टरहून मोठी जमीन, जिच्या दहा टक्क्यांहून अधिक भागावर झाडांची सावली आहे, ती जंगल. मग तिची मालकी कुणाचीही असो आणि कायद्यात तिचा दर्जा काहीही असो. म्हणून आमराई, बांबूचे बन, लावलेली निलगिरी, सारेच आकड्यात येते. २०२३ च्या अहवालात हा आकडा २१.७६ टक्के आहे. तो बेरीज-वजाबाकीनंतरचा निव्वळ आकडा असतो. एकीकडे जुने रान तुटले आणि दुसरीकडे रोपवन वाढले, तर अहवालात फारसे काहीच घडलेले नसते.

इतर देशांतही मोजणी राजकारणापासून दूर नाही. नॉर्वे, फिनलंड, स्वीडन या देशांनी १९१९ ते १९२३ या काळात नमुना-पाहणीने राष्ट्रीय मोजणी सुरू केली, कारण लाकूड हे त्यांचे भांडवल होते. ब्राझील १९८८ पासून अ‍ॅमेझॉनमधली तोड दर वर्षी उपग्रहावरून मोजते. २०१९ मध्ये तिथल्या अवकाश संशोधन संस्थेचे आकडे राष्ट्राध्यक्षांना रुचले नाहीत, आणि संस्थेच्या संचालकाला जावे लागले. हे सगळे देश आपापले आकडे अन्न व शेती संघटनेला कळवतात. त्यांतून जगाचा अहवाल तयार होतो. त्यात मालकीचा रकाना आहे, सरपणाचाही आहे. जातीचा नाही.

आता खरा विरोधाभास पाहा. झाड मोजताना मालकी पाहायची नाही. माणसाचा हक्क मोजताना मात्र कागद हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. पण जो आदिवासी नाही, त्या दलिताने तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. ज्यांना गावाने शाळेत बसू दिले नाही, त्यांच्याकडे १९३० सालचा कागद मागायचा, याला काय म्हणावे?

ई-क्लास आणि गायरानाची कथा वेगळी नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पडीक जमिनीसाठी देशभर सत्याग्रह झाला. माणसे तुरुंगात गेली. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये निघाला. निर्णय निघाला, पण सातबाऱ्यावर नाव चढणे ही निराळी लढाई ठरली. जमीन कसणारा ‘अतिक्रमक’ आणि त्याच जमिनीवर खड्डे खणणारी योजना ‘हरित’, ही आपली भाषा आहे.

मी जंगलाच्या विरोधात नाही. उघड्या डोंगराखालच्या गावात पाण्यासाठी आधी कुणाच्या वस्तीला वणवण करावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मोजणी व्हावी, कसून व्हावी. पण २०१९ च्या वन अहवालानेच सांगितले की सरपणासाठी जंगलावर सर्वांत अधिक अवलंबून असलेले राज्य महाराष्ट्र आहे. सरपणाची मोजदाद झाली, ते वाहणारी डोकी मात्र मोजली गेली नाहीत.

वनहक्क कायद्याच्या नियमांत एक बारीक वाट आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला, तर तो पुरावा धरता येतो. एकेकाळी शिवेच्या तंट्यात ज्यांचा शब्द प्रमाण होता, त्यांच्या नातवंडांनी हे नीट ध्यानात घ्यावे. आमची शिकलेली मुले आता गावोगाव आहेत. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून कोणते रान कुणी राखले, कोणता तुकडा कधी फोडला, दंड कुणी भरला, हे सालासकट लिहून काढण्याचे काम त्यांनी हाती घ्यावे. उपग्रह झाडांचा हिशेब ठेवील. आपल्या माणसांचा हिशेब आपल्यालाच लिहावा लागेल, आणि म्हातारी माणसे आहेत तोवरच तो लिहिता येईल.