परदेशची वैद्यकविद्या आणि प्रवेशाचा अदमास

समर्थ रामदासांच्या जन्माने पावन झालेले आमचे जांब हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. येथूनही आता परदेशच्या वैद्यक विद्यालयांची चौकशी होऊ लागली असून, 'गुरुजी, आमच्या मुलास तिकडे प्रवेश मिळण्याचा संभव कितपत?' असे पालक आम्हांस पुसतात. हा अदमास महाराष्ट्रात प्रथम ज्यांना बांधावा लागला, त्यांची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले व ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, आणि वैद्यकी शिकण्याचा निश्चय तिच्या मनात रुजला. गोपाळरावांनी 1878 साली वाइल्डर नामक अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्यार्थ पत्र लिहिले. उत्तरात ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची सूचना आली. ती उभयतांस मान्य होणे शक्य नव्हते. प्रयत्न तेथेच संपावयाचा. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला, आणि दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या श्रीमती कार्पेंटर या बाईंच्या तो दृष्टीस पडला. योगायोग म्हणतात तो हाच! पुढे न्यू जर्सीतील याच बाईंचे घर आनंदीबाईंचे आश्रयस्थान झाले.

हिंदुस्थानात स्त्रियांना डॉक्टरकी शिकण्याची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. मद्रासचे विद्यालय 1875 साली स्त्रियांस खुले झाले होते, पण तेथील शिक्षण आनंदीबाईंच्या मनास येत नव्हते. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथे (हे बंगालातील श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) त्यांनी भर सभेत आपला हेतू सांगितला आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही दिली. 7 एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले व 4 जूनला न्यूयॉर्क गाठले. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक विद्यालयाकडे रीतसर अर्ज गेला तो त्यानंतर, जूनअखेर. म्हणजे प्रवेश हाती नसताना ही अठरा वर्षांची मुलगी पतीवाचून समुद्रापार गेली होती.

त्या अर्जातील विवेक आम्हांस विशेष वाटतो. आपण नियमांत सर्वांशी बसत नसू, हे त्यांनी दडविले नाही. आपले प्रकरण अपवादात्मक आहे, आप्त व ज्ञाती यांचा एकजुटीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो आहोत आणि तोच निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. विद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांस प्रवेश दिला. सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली. प्रवेशाचा अदमास अचूक ठरला.

चुकला तो दुसरा अदमास. आपली प्रकृती चांगली आहे, असे त्याच अर्जात लिहिले होते. वास्तविक कलकत्त्यासच त्यांना ज्वर व अशक्तता यांनी ग्रासले होते. फिलाडेल्फियाचा कडक हिवाळा, शाकाहाराची अडचण आणि अभ्यासाचा ताण यांत क्षयाने शरीर पोखरले. 11 मार्च 1886 रोजी एम्. डी. ची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण ते काम सुरू होण्यापूर्वीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीस वर्षेसुद्धा पुरे नव्हते. प्रवेशपत्र म्हणजे शिक्षणाची हमी नव्हे, हे पालकांनी येथे ध्यानात घ्यावे.

रखमाबाईंची गोष्ट निराळी. बालविवाहाच्या गाजलेल्या खटल्यातून सुटल्यावर, डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने व स्नेह्यांनी जमविलेल्या निधीच्या आधारे त्या 1889 साली लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात गेल्या. विद्यालयात घेतले, तरी लंडनच्या फिजिशियन व सर्जन यांच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा स्त्रियांना तेव्हा बंद होत्या. कोणती संस्था परीक्षा घेईल, हे आधी पाहावे लागे. एडिंबरो, ग्लासगो व ब्रुसेल्स येथील पात्रता मिळवून त्या 1894 साली डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. 1955 साली त्या निवर्तल्या.

आज बिकट आहे तो परतीचा दरवाजा. दलाल मंडळी 'प्रवेश नक्की' म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. शुल्क भरणाऱ्यास जागा देणारी विद्यालये जगात थोडी नाहीत. परंतु येथे व्यवसाय करावयाचा, तर निघण्यापूर्वी 'नीट' परीक्षेत पात्र ठरले पाहिजे. 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची उमेदवारी हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही वैद्यकी करता आली पाहिजे. परतल्यावर तीनशे गुणांची चाळणी परीक्षा असते व तीत दीडशे गुण लागतात. तीत बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य अनुत्तीर्ण होतात. शेत गहाण टाकण्यापूर्वी, त्या विशिष्ट विद्यालयातून परतलेल्यांपैकी किती जण ही चाळणी ओलांडतात, याचा आकडा दलालाकडून नव्हे, तर परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या प्रसिद्ध निकालांतून काढावा.

आणखी एक. आमच्या भागास जवळचे सरकारी वैद्यक महाविद्यालय 1956 साली औरंगाबादेस निघाले. जालन्यास ते 2024 साली शंभर जागांनिशी आले. परदेशचा अर्ज लिहावयास बसण्यापूर्वी त्या शंभर जागांचाही हिशेब एकदा मांडून पाहावा.