तोल-दोष, मुलांमधील : खेळांतून पुनर्वसन

उभे राहताना, चालताना, वळताना तोल सांभाळण्यात अडचण येणाऱ्या मुलांना खेळांच्या रूपात दिले जाणारे उपचारात्मक प्रशिक्षण. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही शाखांत ते वापरले जाते. मूल रडू नये म्हणून हातात दिलेले खेळणे आणि हा खेळ यांत फरक आहे. येथे खेळ कोणता, किती वेळ, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या आधाराने हे उपचारकाने ठरवलेले असते.

तोल तीन वाटांनी येणाऱ्या माहितीवर टिकतो : डोळे, स्नायू-सांध्यांतील संवेदना आणि अंतर्कर्ण. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिका डोके कोणत्या दिशेला फिरले ते सांगतात, तर शेजारच्या दोन पिशव्यांतील सूक्ष्म खडे सरळ रेषेतील हालचाल व गुरुत्वाची दिशा ओळखतात. या सगळ्याचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. एक वाट बंद पडली की मेंदू उरलेल्या दोन्हींवर भार टाकतो, आणि दोष लपतो. म्हणूनच दिवसा अंगणात ठीक चालणारे मूल रात्री दिवे गेल्यावर किंवा ढेकळांच्या रानात धडपडते.

कारणे अनेक. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, लहान मेंदूचे विकार, मेंदूज्वर, डोक्याला मार, कानात पाणी साचणे, आणि जंतुसंसर्गावर वापरल्या जाणाऱ्या जेंटामायसिनसारख्या काही प्रतिजैविकांचा अंतर्कर्णावर होणारा दुष्परिणाम ही त्यांतील ठळक. जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे तोलाचे इंद्रियही कमकुवत असते. पण घरच्यांचे आणि शाळेचे सारे लक्ष ऐकण्या-बोलण्याकडे लागल्याने उशिरा बसणे, उशिरा चालणे दुर्लक्षित राहते. शालेय वयातील साधारण 5 ते 6 टक्के मुलांत हालचालींच्या समन्वयाचा विकासदोष आढळतो. अशा मुलाला गावात बहुधा ‘धांदरट’ म्हणतात आणि संघ पाडताना शेवटी घेतात. म्हणजे ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच खेळ सर्वांत कमी मिळतो.

इतिहास : 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी यांनी अंतर्कर्णाच्या विकारांनी व डोक्याच्या दुखापतींनी चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी व्यायामांची मालिका बांधली. डोळे हलवण्यापासून सुरू होणारी ही मालिका चेंडूफेक आणि वाकणे, ताणणे, नेम धरणे यांच्या खेळांपाशी संपते. प्रौढांच्या उपचारातही खेळ अशा रीतीने पहिल्यापासून होताच. पुढे अमेरिकेत जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा सिद्धान्त मांडला आणि झोपाळे, डुलत्या फळ्या बाल-उपचारकक्षांत आल्या. महाराष्ट्रात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू झाले; या विद्याशाखेची भारतातील सुरुवात तीच.

मराठी मुलांचे खेळ या दृष्टीने पाहिले तर उपचारकाला फारसे बाहेरून आणावे लागत नाही. लंगडीत सगळे वजन एका पायावर येते आणि दिशा क्षणाक्षणाला बदलते. ठिकरीच्या चौकटीत त्याहून अवघड गोष्ट आहे : एका पायावर थांबून, वाकून, ठिकरी उचलून पुन्हा सरळ व्हायचे. लगोरीत घाईने दगड रचताना नजर हातावर आणि कान चेंडूकडे असतात, त्यामुळे तोल आपोआप सांभाळावा लागतो. फुगडीत अंतर्कर्णातील नलिकांना फिरण्याची चालना मिळते. पंचमीच्या झोक्यात पिशव्यांतील खड्यांना पुढे-मागे, वर-खाली होणाऱ्या गतीची. आंधळी कोशिंबीर डोळ्यांची वाटच बंद करते. अंतर्कर्ण निकामी असलेल्या मुलासाठी हा खेळ सर्वांत कठीण, म्हणून तो शेवटी आणि कोणी हात धरलेला असतानाच.

खेळाचा गुण केवळ करमणुकीत नाही. ‘पाय सरळ ठेव, कंबर हलवू नको’ असे सांगितले की मूल अंग ताठ करते. ‘त्या चौकोनात उडी मार’ म्हटले की शरीर आपली जुळवाजुळव स्वतः करते. लक्ष अवयवाकडे न जाता बाहेरच्या लक्ष्याकडे गेले तर हालचाल सहसा अधिक सुकर होते, असे कौशल्य-शिक्षणावरील अभ्यास सांगतात. शिवाय पुनरावृत्ती : एका पायावर पन्नासदा उभे राहायला सांगून कोणतेही मूल राहत नाही, पण राज्य आले की मोजत कोण बसतो?

खेळाची पायरी मात्र बदलता आली पाहिजे. आधी भिंतीला हात, मग आईचे बोट, मग मोकळे. आधी शेणाने सारवलेली सपाट जमीन, मग वाळू किंवा दुमडलेली गोधडी. आधी रुंद पाऊलवाट, मग दोन बोटे जाडीची खडूची रेघ. मूल प्रत्येक वेळी पडत असेल तर पायरी फार वरची. कधीच डगमगत नसेल तर उपचार होतच नाही. प्रगती मोजण्यासाठी लहान मुलांसाठी बेतलेली 14 कृतींची आणि 56 गुणांची तोल-श्रेणी वापरतात. तीत डोळे मिटून उभे राहणे, गोल फिरणे, जमिनीवरची वस्तू उचलणे अशा कृती आहेत. 2007 पासून मिळू लागलेल्या, पायांचा दाब ओळखणाऱ्या व्हिडिओगेमच्या पाटांवरही बरेच अभ्यास झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि खडूच्या रेघेपेक्षा पाट सरस ठरल्याचे ठामपणे म्हणता येत नाही.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव घ्या. अशा गावातील मुलापर्यंत हा उपचार पोहोचण्याची सरकारी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात आणि संशयित मुलांना जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या भागाला जवळचे. पण तोलाचे प्रशिक्षण आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने लागते, आणि मजुरी बुडवून दर वेळी शहर गाठणे कुटुंबाला झेपत नाही. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाने खेळ ठरवून द्यावेत आणि आजी, भावंडे, अंगणवाडीताई यांनी ते रोज घ्यावेत, हीच व्यवहार्य रीत. खेळाला सामान लागत नाही, त्यामुळे तो उसाच्या फडावरच्या कोपीपर्यंतही जातो.

काही वेळा खेळ थांबवावा लागतो. नीट चालणारे मूल अलीकडेच झोकांड्या खाऊ लागले, सकाळी डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, किंवा मान वाकडी धरू लागले, तर मेंदूतील गाठीची शक्यता तपासण्यासाठी आधी डॉक्टर गाठावा. फिट्स येणाऱ्या मुलाला झोका व फुगडी डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. दोन्ही कानांतील तोलाचे इंद्रिय निकामी असलेल्या मुलाला विहिरीत किंवा तळ्यात एकटे सोडू नये. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, पायाला जमीन लागत नाही, आणि वर कोणत्या बाजूला आहे हे त्याला कळत नाही.