कण्यातले तेल

कमरेतून कळ निघते, पाय बधिर होतो, आणि डॉक्टर म्हणतात, शीर दबली आहे. पण कोठे दबली? क्ष-किरणांना हाड दिसते. हाडाच्या नळीतील मज्जारज्जू दिसत नाही. म्हणून त्याच्याभोवतीच्या पाण्यात सावली पाडणारे काहीतरी सोडावे लागे. ते काय असावे, याचा शोध बराच महागात पडला आहे.

१९१९ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी नुसती हवा भरून पाहिली. चित्र अंधुक आले. पुढे दोनतीन वर्षांतच पॅरिसच्या सिकार व फोरेस्त्ये यांनी लिपिओडॉल वापरले. हे आयोडीनयुक्त खसखशीचे तेल! आपल्याकडे खसखस वाटणात पडते. तिचे तेल कुणाच्या कण्यात जाईल असे कोणाला वाटले असेल? सावली झकास पडली. पण घट्ट तेल आत गेले ते बाहेर निघेना.

१९४४ च्या सुमारास त्याहून पातळ तेल आले. अमेरिकेत त्याला पँटोपेक म्हणत, इंग्लंडात आणि आपल्याकडे मायोडिल. चित्र घेतल्यावर ते सुईने काढून घ्यावे अशी अपेक्षा होती; परंतु काढणे वेळखाऊ व वेदनेचे, म्हणून पुष्कळदा ते तसेच राही. शरीर ते वर्षाला जेमतेम एक घनसेंटिमीटर शोषते, असा अंदाज होता. सर्वांना त्रास झाला असे नव्हे. काहींच्या मज्जारज्जूवरील पातळ पडदा मात्र सुजला, मज्जातंतू एकमेकांना चिकटले, आणि पाय जन्मभर जळत राहिले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. गाठ शोधण्याचा दुसरा चांगला मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. तरीही रोग्याला सांगायला हवे होते, असे आम्हांस वाटते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात. सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. दूरगावी तपासून परतलेल्या माणसाला आपल्या पाठीत काय राहिले हे कोठून कळणार? ब्रिटनमध्ये १९९५ साली कंपनीने जबाबदारी न स्वीकारता चारशेहून अधिक रोग्यांशी पैशाची तडजोड केली.

तेलातून सुटका केली ती स्वीडनच्या टॉर्स्टेन आल्मेन यांनी. पोहताना खाऱ्या समुद्राचे पाणी डोळ्यांना झोंबते, बाल्टिकचे कमी खारट पाणी तितके झोंबत नाही, यावरून त्यांना सुचले की औषधाचा क्षारभार उतरवला पाहिजे. १९७० नंतर तशी पाण्यात विरघळणारी, पुढे लघवीवाटे निघून जाणारी औषधे आली. जुनी क्षारयुक्त औषधे शिरेत चालत. तीच चुकून कण्यात गेली तर झटके येऊन माणूस दगावे. म्हणून बाटलीवरचे नाव दोनदा वाचण्याची शिस्त आली.

आता एमआरआयमध्ये बहुधा असे काही टोचावेच लागत नाही. लागले तर गॅडोलिनियम शिरेतून देतात. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना त्याच्या काही प्रकारांचा धोका असल्याचे २००६ साली ध्यानात आले, आणि २०१४ साली त्याचा अंश मेंदूत उरतो असे जपानी डॉक्टरांना आढळले. त्याने अपाय होतो की नाही, याचा शोध चालू आहे. आणि कुणा वृद्धाच्या कमरेच्या फोटोत आजही एखादे वेळी मायोडिलचे पांढरे थेंब दिसतात.